बेटाच्या निवडणुकीत आमच्या गावची पंगत

हसायचं नाही अशी अट घालून हा किस्सा मी ज्यांना ज्यांना सांगितला, ते सगळे हसले. म्हणून आता अट काढून टाकली आहे. चहा घ्या, नीट टेकून बसा आणि ऐका.

निवडणूक बिघडवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कुणी आपल्या वॉर्डाची बिघडवतो. कुणी फारच दांडगा असला तर तालुक्याची. मी एका अख्ख्या बेटाची सार्वत्रिक निवडणूक बिघडवायच्या बेतात होतो! तेही तिथं नसताना. हिंगोली जिल्ह्यात, कुरुंद्याच्या अलीकडं, आमच्या गावच्या मारुतीसमोर मांडी घालून.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे चुकीची उंची कळेल.

मी लहानपणीच घराबाहेर पडलो. आधी निवासी शाळा, मग पुणं, मग थेट समुद्रापलीकडं. शिकलो काय, तर राज्यकारभार. माझे चुलते माणिकतात्या अजून पाहुण्यारावळ्यांना सांगतात, "पोरगं कारभार करायचं शिकून आलंय. पण सध्या कुटं जागा रिकामी न्हाई."

हे तात्या म्हणजे गावातल्या प्रत्येक निवडणुकीचा आतला माणूस. कोण कुणाच्या बाजूला गेला, कोण जाणार आहे आणि कोण गेल्यासारखं दाखवतो आहे, हे सगळं तात्यांना पाठ. स्वतः मात्र एकदाही उभे राहिले नाहीत. "घोड्यावर बसणारा पडतो रे," ते म्हणतात, "लगाम धरणारा कवाच पडत न्हाई."

तर शिक्षणाची शेवटची वर्षं मी एका बेटावर काढली. बेटाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मोजकी आहेत आणि सगळी एकमेकांना ओळखतात. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात जेवढी गर्दी होते, तेवढी त्या बेटावर मी कधी पाहिली नाही. पण स्वतःचं राज्य! स्वतःची विधानसभा, स्वतःचे कायदे, स्वतःची पोस्टाची तिकिटं. लढाई-बिढाई झालीच तर ती शेजारच्या मोठ्या देशानं बघायची. बाकी सगळा कारभार घरचा.

आणि कायदा असा, की पासपोर्ट कुठलाही असो, ठरलेला काळ बेटावर राहिलात की तुम्हाला मत. मलाही मिळालं. काय वाटलं म्हणून सांगू! वसमत तालुक्यातला मी, आणि माझ्या मतावर एका देशाचं सरकार बनणार!

मी परत निघायच्या तयारीत होतो तेव्हाच तिथं सार्वत्रिक निवडणूक लागली. मतदारयादी बंद झाली तेव्हा मी तिथंच होतो, त्यामुळं माझं मत शाबूत राहिलं. टपालानं पाठवायचं, एवढंच. हे लक्षात ठेवा बरं का. मी ठेवलं नाही, तुम्ही तरी ठेवा.

त्या निवडणुकीत आमच्या घरमालकीणबाई उभ्या होत्या. नाव विनी. निवृत्त नर्स. तिथं पक्ष नाहीत, झेंडे नाहीत, भोंगे नाहीत. उमेदवार एकटाच दारोदार फिरतो. विनीबाई या वयात सायकलवर फिरायच्या. समोर उमेदवार कोण? तर बेटावरच्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचा मालक.

विनीबाईंचा मुद्दा एकच. हिवाळ्यात बेटावरून बोट रोज सुटत नसे. थंडीवाऱ्यात धक्क्यावर ताटकळणारी आजारी माणसं, अवघडलेल्या बाया त्यांनी आयुष्यभर बघितल्या होत्या. हिवाळ्यातही रोज बोट सुटली पाहिजे, म्हणून त्या मागच्या वेळीही उभ्या राहिल्या आणि पडल्या. "या वेळी पडले तर संपलं," त्या मला म्हणाल्या होत्या. "बोटीसाठी मी अजून भांडेन, पण माझे गुडघे भांडणार नाहीत."

आता जॅमची गोष्ट. ही महत्त्वाची आहे.

तिथं उमेदवारानं मतदाराला काही म्हणजे काही खाऊ घालायचं नाही. अर्ज भरला त्या दिवशी विनीबाईंनी बिस्किटांचा डबा कपाटाच्या वर ठेवून दिला. घरी आलेल्याला पाणी मिळायचं आणि हवामानाबद्दल चार शब्द. पण पंचाईत माझी झाली. मी त्यांचा भाडेकरू आणि मतदारही! भाड्यात सकाळचा नाश्ता धरलेला. मग हा नाश्ता मतदाराला खाऊ घालणं होतं का? बाईंनी सायकल काढली आणि थेट निवडणूक अधिकाऱ्यांना जाऊन विचारलं. अधिकाऱ्यांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला आणि निकाल दिला, की पाव आणि लोणी चालेल, कारण ते भाड्यात आहे. जॅम बाई स्वतःच्या हौसेनं घरी करतात, म्हणून जॅम चालणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोरची जॅमची बरणी गेली.

मी नुसता लोणी-पाव चावत होतो आणि माझे डोळे भरून येत होते. बघा, याला म्हणतात लोकशाही! मी तिथंच शपथ घेतली, की गावाकडं जाईन आणि आमच्या माणसांना ही जॅमची गोष्ट सांगेन.

आणि सांगितली! रोज सांगितली!

मी परत आलो तो हळद शिजवायचा मोसम. खळ्यावर कुकर पेटलेले, वाफेचे लोट, ओल्या हळदीचा वास आणि ढिगाभोवती बसलेली माणसं. भाषण ठोकायला याहून चांगली सभा मिळेल का? हळद शिजेपर्यंत कुणी उठून जाऊच शकत नाही.

"म्हणजी दारू न्हाई?" तात्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही."

"मटन?"

"नाही."

"साडी-बिडी? भांडी-कुंडी?"

"तात्या, बिस्कीटसुद्धा नाही! जॅमसुद्धा नाही!"

तात्यांनी हळदीचा एक गड्डा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि अगदी मनापासून विचारलं, "मंग लोक मत देतेत काहून?"

आता याला काय उत्तर देणार? मी दिलं. कुकर दोनदा उतरला, माझं उत्तर चालूच होतं.

पण खरं सांगतो, बोटीचा मुद्दा मात्र माणसांच्या काळजाला भिडला. कारण आमच्या गावची मुक्कामी बस बंद पडलेली. पूर्वी ही बस संध्याकाळी यायची, गावात मुक्काम करायची आणि पहाटे वसमतला निघायची. ती गेल्यापासून दवाखाना असो की कॉलेज, कुणाच्या तरी मोटारसायकलला हात करायचा.

"म्हणजी त्या बाईची बोट आन् आपली मुक्कामी गाडी एकच की रे," काकू म्हणाली. काकू म्हणजे तात्यांची बायको. गावात तिचा शब्द तात्यांच्या वर. "नाव काय म्हणलास तिचं?"

"विनी."

"मंग वेणूबाईच म्हन की सरळ. निवडून आली पायजे बाई."

त्या दिवसापासून विनीबाई आमच्या गावच्या झाल्या. पाण्याच्या टाकीपाशी, गिरणीत, खळ्यावर एकच विषय. "वेणूबाईचं काय म्हनून राहिलेत?" "गुडघ्याला काय लावते का न्हाई ती? एरंडाचं तेल लाव म्हनावं." माझी टपाली मतपत्रिका गावात आली तेव्हा तर ती बघायला ही गर्दी! मी आत जाऊन, दार लावून, गुप्तपणे मत दिलं. बाहेर आलो तर सगळे ओरडले, "वेणूबाईलाच दिलं ना?" पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकायला निघालो, तेवढ्यात काकूनं ते ओढून घेतलं. दोन बोटांनी त्यावर हळदीकुंकू लावलं आणि मगच परत दिलं.

तात्या मात्र काळजीत होते.

"समोरचा हॉटेलवाला हाय म्हणतूस?"

"हो."

"मंग बाईचं काय खरं न्हाई. त्याच्या घरीच भटारखाना. रातोरात अख्खं बेट जेवू घालंल."

"तात्या, तिथं तसं नसतं!"

"तसं कुटंच नसतं, नंद्या. समदीकडं रातोरातच असतंय."

मग मी एका कामासाठी परभणीला गेलो. परत येतो तर काय! गावाच्या तोंडावर, जिथं बस येत नाही त्या बसथांब्यावर, हा एवढा बॅनर! मधोमध विनीबाई. माझ्याच फोनवरचा फोटो, सायकल धरलेला. वर मोठ्या अक्षरात, "बेटाच्या भावी आमदार, बोटीच्या कैवारी, कार्यसम्राज्ञी मा. वेणूताई यांना विजयाच्या हार्दिक शुभेच्छा!" एका कोपऱ्यात हात जोडलेले तात्या. खाली ओळीनं काळे चष्मे लावलेली गावातली तरणी मंडळी. आणि शेवटी, "शुभेच्छुक: समस्त गावकरी मंडळी".

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं इथं काय करायचं? कपाळाला हात लावायचा. मी काय केलं? मी विरघळलो! कुठलं ते थंड समुद्रातलं बेट आणि कुठलं आमचं हे गाव! एका बाईच्या बोटीसाठी आमची माणसं बॅनर लावतात! मी तिथंच, त्या बसथांब्यावर, आठ-दहा माणसं आणि एका बैलासमोर भाषण केलं. बैल सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी काकूनं जाहीर केलं, की तिनं मारुतीला नवस बोलला आहे. वेणूबाई निवडून आली तर गावजेवण.

"आली तर न्हाई," तात्या लगेच म्हणाले. "आदी घालायचं जेवण."

"अवो, नवस आदी फेडतेत का कुटं?"

"साधा नवस नंतर फेडतेत. निवडणुकीचं जेवण आदीच असतंय. निवडून आल्यावर जेवू घातलेला एक उमेदवार दाखीव मला. एक!"

काकू उठली आणि पातेली काढायला लागली.

मग काय विचारता! कुणी गहू दिले, कुणी तूर दिली, कुणाच्या मळ्यातली वांगी आली. मारुतीसमोर चुली पेटल्या. कढईवर झारा आपटायला लागला आणि बुंदीचा वास अख्ख्या गावभर पसरला. मीही शर्टाच्या बाह्या वर करून पाणी वाढत होतो.

पंगत बसताना तात्यांनी मला बाजूला घेतलं. दाद द्यायला हवी त्या माणसाला, शंका आली ती त्यांनाच.

"नंद्या, त्या तुझ्या जॅमवाल्या साहेबाला हे चालतंय का रे?"

मी हसलो. कसा हसलो सांगू? चार इयत्ता जास्त शिकलेला माणूस हसतो तसा.

"तात्या, बंदी आहे ती मतदाराला जेवू घालायला. आता या पंगतीत त्या बेटाचा मतदार आहे का कुणी?"

तात्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. "हितं तर समदे आपलेच दिसून राहिलेत."

"मग झालं तर!" असं म्हणून मी मांडी घातली.

आणि आमच्याकडचा आग्रह तुम्हाला माहीतच आहे. काकू बुंदीचं पातेलं घेऊन समोर उभी. "ही मारुतीच्या नावानं." घेतली. "ही वेणूबाईच्या नावानं." घेतली. "ही वेणूबाईच्या गुडघ्यासाठी." आता आजारी माणसाच्या नावाची कशी नाकारणार? घेतली. "आन् ही बोटीसाठी." मी हात आडवा केला, तर हातावरच वाढली.

एकानं हे सगळं फोनवर टिपलं. मी तोंडात बुंदी असतानाच फोनकडं बघून इंग्रजीत बोललो, की बेटावरच्या माझ्या बंधुभगिनींनो, बघा, आमचं गाव तुमच्या विनीच्या पाठीशी उभं आहे आणि तिच्या नावानं आज इथं गावजेवण आहे! मागून सगळं गाव ओरडलं, "वेणूताई तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ है!"

ते चित्रण मी बेटावरच्या लोकांच्या फोनवरच्या गटात टाकलं. त्या गटात कोण असतं? हरवलेली मांजरं, बोटीच्या वेळा आणि अख्खं बेट.

दुसऱ्या दिवशी विनीबाईंचा फोन आला.

"नंदू, फार सुंदर कार्यक्रम होता," त्या नेहमीसारख्या शांतपणे म्हणाल्या. "मी रडले. मग सायकल काढली आणि निवडणूक अधिकाऱ्यांकडं जाऊन माझ्याविरुद्ध तक्रार देऊन आले."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध. दुसऱ्या कुणी दिली असती तर बरं दिसलं नसतं. आज ते तुला फोन करतील. सगळं खरं सांग. आणि तुला सारखं वाढत होते ते पिवळं पिवळं काय आहे, तेही सांग. त्यांना लिहावं लागेल."

"आणि... काय होईल?"

"मीच जेवण घालायला लावलं असं ठरलं, तर माझी उमेदवारी रद्द."

या बाईचे गुडघे, ती सायकल, ती बोट, सगळं आमच्या बुंदीच्या कढईत पडायची वेळ आली! ज्या बाईनं मला जॅम दिला नाही, तिला मी गावजेवणात बुडवलं!

चौकशी झाली ती खळ्यावर. फोनला रेंज तिथंच बरी यायची. समोर पडद्यावर निवडणूक अधिकारी. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मागं टपालाचा वजनकाटा, कारण तेच बेटाचे पोस्टमास्तरही. आणि इकडं मी एकटा, असं त्यांना वाटत होतं. माझ्या मागं सगळं गाव पडद्यात डोकं खुपसून उभं होतं.

"जेवण कुणी आयोजित केलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. मी गावाला मराठीत सांगितलं.

"समस्त गावकरी मंडळी म्हनून सांग," तात्या म्हणाले. "बॅनरवर लिवलंय म्हनावं."

"उमेदवारानं तसं सुचवलं होतं?"

काकू उसळली. "तिला काहून इचारायचं? नवस माझा, मारुती माझा, पातेलं माझं!"

मी नवस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. देवाशी केलेला करार, काम झालं तर जेवण. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग चष्मा वर करून विचारलं, "हा देव कुठं राहतो? बेटावर?"

"नाही साहेब. इथंच. माझ्या डाव्या हाताला."

"मग मतदार नाही." त्यांनी एक रेघ मारली.

तेवढ्यात तात्या माझ्या खांद्यावरून पुढं झुकले. "नंद्या, साहेबाला म्हन, चांगलं माणूस दिसून राहिले तुमी. एक पोतं हळद लावून देतो म्हन तुमच्या पत्त्यावर. घरची हाय."

"तात्या!"

"ते काय म्हणाले?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ते... हवामानाबद्दल बोलतायत साहेब."

"आमच्याकडंही बरं आहे," अधिकारी म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले. "आता महत्त्वाचं. जेवलेल्या लोकांपैकी आमच्या यादीतले मतदार किती?"

हा प्रश्न! याचीच तर मी वाट बघत होतो! मी छाती पुढं काढली. विनीबाई सुटल्या. गाव सुटलं.

"एकही नाही साहेब!"

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मागं कुकरची शिटी झाली.

"एक आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"तुम्ही."

तुम्हाला सांगतो, मी मागं वळून बघितलं. खरंच! माझ्या मागं कुणी तिथला मतदार उभा आहे की काय म्हणून!

"काय म्हनला?" तात्यांनी विचारलं. "काय म्हनून राहिला तो?"

काय सांगणार? सांगितलं. "तात्या, साहेब म्हणतायत, की पंगतीत बेटाचा मतदार एक होता. मी."

तात्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. राग नाही हो, हळहळ! व्यवहारी माणसाची हळहळ!

"म्हणजी अख्ख्या पंगतीत खरा मतदार तू एकटा?"

"हो."

"आन् बाकी समद्या गावाला आपुन फुकट जेवू घातलं? अरं, आदी सांगायचं न्हाई का! तुला एकट्याला घातलं असतं तर भागलं असतं की!"

अधिकारी मात्र लिहीतच होते. "चित्रणात तुम्ही तो गोड पदार्थ पुन्हा पुन्हा घेताना दिसता. नेमका किती वेळा घेतला?"

मी काकूकडं बघितलं. काकूला प्रश्न सांगताच ती म्हणाली, "जेवताना मोजतेत व्हय? असलं इचारू नाई म्हनावं. लेकराला दृष्ट लागंल."

"मोजलं नाही, साहेब," मी म्हणालो.

"पुष्कळ," असं पुटपुटत अधिकाऱ्यांनी लिहिलं. मग त्यांनी कागद सरळ केले आणि निकाल दिला. उमेदवाराला या जेवणाची कल्पना नव्हती आणि कळताच तिनं स्वतः येऊन सांगितलं. तिच्यावर दोष नाही. उमेदवारी कायम.

मी भाषांतर करताच खळ्यावर एकच जल्लोष! कुणीतरी हळद उधळली.

"मात्र," अधिकारी म्हणाले. "उमेदवाराच्या नावानं जेवलेल्या मतदाराचं मत मोजता येणार नाही. तुमचं पाकीट बाजूला काढावं लागेल. ते ओळखायचं कसं, हा प्रश्न होता, पण एका पाकिटावर पुढच्या बाजूला लाल आणि पिवळं काहीतरी लावलेलं आहे. ते तुमचंच ना?"

काकूनं पदर तोंडाला लावला.

"माझंच, साहेब," मी म्हणालो.

मतमोजणी तिथल्या रात्री, म्हणजे आपल्या सकाळी. आम्ही सगळे पुन्हा खळ्यावर, फोनभोवती. सभागृहात पेट्या उघडल्या, नावं वाचली गेली. मला काही ऐकू येईना. डोक्यात एकच विचार, एका मतानं पडल्या तर? मी कुठं तोंड दाखवू? तिकडं तर नाहीच, इकडंही नाही. काकू तर म्हणेल, तुझ्या खाण्यापायी बोट बुडाली.

विनीबाई निवडून आल्या. थोडक्यात, पण आल्या. माझ्या मताशिवाय.

हॉटेलवाले मोठ्या मनाचे निघाले. पुढं येऊन त्यांनी विनीबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या जेवणाची तक्रार जी बाई स्वतःविरुद्ध देते, तिच्याशी मी कसा लढणार? ही गोष्ट बेटभर झाली तेव्हाच मी माझा निकाल ओळखला होता."

मी हे वाक्य सगळ्यांना मराठीत सांगितलं. तेवढीच चूक झाली. तात्या लगेच उभे राहिले.

"ऐकलं? पंगतीनंच निवडून आली बाई! मी काय म्हनलो होतो? जेवण आदी घालावं लागतंय!"

आता मी राज्यकारभार शिकलेला माणूस. यावर माझ्यापाशी चांगलं सविस्तर उत्तर हवं होतं. नव्हतं. अजून नाही.

पुढं हिवाळ्यात रोज बोट सुटायला लागली. विनीबाईंनी बोटीचा फोटो पाठवला. तो आता आमच्या बसथांब्यावर बॅनरशेजारी लावलेला आहे. बस अजून येत नाही. पण काकू वसमतला जायचं असलं की तिथंच उभी राहते आणि मोटारसायकलवाल्यांना हात करते. "हितं निदान बोट तरी दिसते," म्हणते. फोटोबरोबर माझ्यासाठी घरच्या जॅमची बरणीही आली. सोबत विनीबाईंच्या अक्षरात एकच ओळ, "आता चालतं."

तात्यांनी बरणी उघडली, बोट बुडवलं, चाटलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. "निवडणुकीआदी बुंदी, नंतर जॅम. दोन्हीकडून खाल्लंस की रे!"

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी हा किस्सा हसत सांगितला असता. पण काही महिन्यांनी आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि मी पुन्हा पेटलो! शाळेच्या पटांगणात सभा बोलावली. विषय, 'आपलं मत विकू नका'. गाव जमलं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "बंधूंनो, भगिनींनो, जो माणूस खाण्यापिण्याला भुलून आपलं मत..."

पुढच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मग शेजारचा. मग सगळी रांग. काकूनं पदर तोंडाला लावला. मी तिथंच अडकलो.

तेवढ्यात मागून तात्या उठले. दोन्ही हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

"हसू नका रे! बोलू द्या पोराला," ते म्हणाले. "अनुभवी माणूस हाय. या गावात इतक्या निवडणुका झाल्या, इतकी बकरी कापली, इतक्या साड्या वाटल्या. पण मत इकल्याचं आजवर कुणावर शाबीत झालं न्हाई. सरकारी कागदावर शाबीत झालेला अख्ख्या जिल्ह्यात ह्यो एकच!"

माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही भाषणाला एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत, जेवढ्या त्या दिवशी तात्यांच्या या एका वाक्याला पडल्या. सवयीनं मीही वाजवल्या.